मोठ्या वॅटेजच्या एलईडीसाठी डिमर: आधी ड्रायव्हरचं लेबल वाचा, मग दुकानात जा

"दीडशे वॅटचा एलईडी आहे, त्याला चालेल असा डिमर द्या." इलेक्ट्रिकच्या दुकानात असं विचारलं की दुकानदार फळीवरचा ४०० वॅटचा डिमर काढून समोर ठेवतो. ४०० हा आकडा १५० पेक्षा मोठा, म्हणजे चालणारच, असं दोघांनाही वाटतं. घरी लावल्यावर दिवा निम्म्यावर आणताच फडफडायला लागतो, बोर्डातून गुणगुण ऐकू येते आणि काही दिवसांत दिवा किंवा डिमर, कोणी तरी एक कायमचा बंद पडतो. बहुतेक वेळा दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या असतात. फक्त त्या एकमेकींसाठी बनलेल्या नसतात.

मोठ्या एलईडीचा डिमर वॅट बघून ठरवायचा नसतो, ड्रायव्हर (दिव्याच्या चिपला वीज पुरवणारा डबा) बघून ठरवायचा असतो. वॅटचा हिशेब करावाच लागतो, पण तो नंतर. हा लेख मंगल कार्यालयाचा हॉल, सोसायटीचं सभागृह, देवळाचा सभामंडप, शोरूम किंवा पीओपीत लांबलचक कोव्ह लाईट असलेली बैठकीची खोली अशा जागांसाठी आहे. म्हणजे जिथे एकेक दिवा ५०-१०० वॅटचा आहे किंवा सगळे मिळून काही शे वॅट होतात, अशा जागा.

ड्रायव्हरचं लेबल कसं वाचायचं

जुन्या पिवळ्या बल्बला वीज कमी मिळाली की तार कमी तापायची आणि उजेड कमी व्हायचा. तिथे डिमरचं काम सोपं होतं. एलईडीच्या चिपपर्यंत मात्र घरातली वीज थेट पोचत नाही, मध्ये ड्रायव्हर बसलेला असतो. लाईनमध्ये व्होल्टेज १८० झालं काय किंवा २५० झालं काय, चिपला जाणारा करंट तेवढाच ठेवायचा हे त्याचं काम. आता अशा साध्या ड्रायव्हरच्या आधी तुम्ही डिमर लावला, की डिमर वीज कापतो आणि ड्रायव्हर ती कसर भरून काढायला धडपडतो. फडफड होते ती या ओढाताणीतून.

म्हणून एमसीबी बंद करा, दिवा खाली उतरवा आणि ड्रायव्हरचा फोटो काढून ठेवा. लेबलवर तीन गोष्टी शोधायच्या.

आउटपुट कसं लिहिलंय ते आधी बघा. ‘३०-३६ व्होल्ट, ३००० मिलिअँपिअर’ असं, म्हणजे व्होल्टेजला पल्ला आणि करंट ठाम, असेल तर तो कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर. १०० वॅटच्या सीओबी (एकाच मोठ्या चिपच्या) दिव्यात बहुधा असाच असतो. ‘२४ व्होल्ट, १५ अँपिअर’ असं ठाम व्होल्टेज असेल तर तो कॉन्स्टंट व्होल्टेज, म्हणजे पट्टीच्या लाईटचा पॉवर सप्लाय. या दोघांचे डिमर पूर्ण वेगळे. एकाचा दुसऱ्याला लावू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे डिमिंगचा उल्लेख. ‘डिमेबल’ एवढाच शब्द पुरेसा नाही, कोणत्या पद्धतीने डिमेबल ते लिहिलेलं हवं: ट्रायॅक किंवा फेज-कट, १-१० व्होल्ट, पीडब्ल्यूएम, डाली (यातलं प्रत्येक काय ते पुढे येईलच). काहीच लिहिलेलं नसेल तर तो ड्रायव्हर डिम होत नाही असं सरळ धरा.

तिसरं, जास्तीच्या वायरी. आत येणाऱ्या दोन आणि अर्थिंग, बाहेर जाणाऱ्या दोन, आणि त्याशिवाय ‘डिम प्लस’, ‘डिम मायनस’ लिहिलेल्या दोन बारीक वायरी असतील तर तुमचं निम्मं काम झालं. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये त्या नसतात.

काही फ्लडलाईटमध्ये स्वतंत्र ड्रायव्हर सापडतच नाही. चिपच्याच पत्र्यावर दोन-चार आयसी बसवलेल्या असतात. बाजारात त्याला डीओबी म्हणतात. असा दिवा डिम करायच्या भानगडीत पडू नका. शिवाय त्याच्या चिपच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट खेळत असतात, त्यामुळे काच उघडून चालू दिव्यात बोट घालणं जिवावर बेतू शकतं.

ड्रायव्हर डिम होणारा नसेल तर अख्खा दिवा फेकायची गरज नाही. चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) ठीक असतील तर तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा, डिम वायरी असलेला ड्रायव्हर बसवता येतो. नवा घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी, म्हणजे आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक आणि आयएस १५८८५ हा उल्लेख, लेबलवर आहे का ते बघा.

किती मंद हवंय, हे आधी ठरवा

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि पुढचा सगळा खर्च याच्यावर ठरतो. आपल्या डोळ्याला उजेड सरळ हिशेबात दिसत नाही. उजेड मोजायच्या मीटरवर आकडा चौथ्या हिश्शावर आला की डोळ्याला तो साधारण निम्मा वाटतो. मीटरवर १० टक्के उरला तरी डोळ्याला जवळपास एक तृतीयांश उजेड शिल्लक वाटतो.

म्हणजे कार्यालयात जेवणाच्या वेळी झगझगाट आणि फोटोंच्या वेळी जरा सौम्य एवढंच हवं असेल, तर १० टक्क्यांपर्यंत उतरणारा डिमर भरपूर झाला. पण ध्यानाची खोली, होम थिएटर किंवा प्रयोगाआधी हळूहळू काळोख करायचा असलेलं सभागृह असेल तर १० टक्क्यांवर अडकलेला दिवा डोळ्यांत खुपतो. तिथे १ टक्का किंवा त्याखाली जाणारी व्यवस्था लागते, आणि ती ड्रायव्हर घेतानाच बघावी लागते.

फेज-कट: भिंतीवरचा नेहमीचा डिमर

विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकायचा, ही याची रीत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. जुने ट्रायॅक डिमर लाटेची सुरुवात कापतात, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या लाटेत वीज एकदम धाडकन चालू होते. ड्रायव्हरच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर तेवढ्या क्षणात भरून घेतो आणि करंटचा झटका बसतो, सेकंदाला १०० वेळा. बल्बसाठी ४०० वॅटचा असलेला डिमर १५० वॅटच्या एलईडीवर मान टाकतो तो याच झटक्यांमुळे.

ट्रेलिंग एज डिमर लाटेचा शेवट कापतात. तिथे वीज शून्यापासून हळू चढते, झटका नसतो, आवाजही कमी. एलईडीसाठी फेज-कटच घ्यायचा असेल तर शक्यतो हा घ्या, पण ड्रायव्हर बनवणाऱ्याने कोणत्या प्रकाराला मान्यता दिली आहे ते आधी बघा.

पाकिटावर एलईडीसाठी वेगळा आकडा छापलेला असतो, तोच खरा धरायचा. छापलेलाच नसेल तर मी बल्बच्या आकड्याचा एक दशांश ते फार तर एक चतुर्थांश धरतो. ४०० च्या ट्रायॅक डिमरवर ४० ते १०० वॅट, बस्स. एकाच बोर्डात दोन-तीन डिमर शेजारी शेजारी असतील तर आणखी कमी, कारण बंद पेटीत उष्णता जायला वाटच नसते.

माझं स्पष्ट मत असं, की एका सर्किटवर एलईडीचा भार १५०-२०० वॅटच्या वर जात असेल तर फेज-कटचा नाद सोडावा. भिंत न फोडता काम होतं हा त्याचा मोठा फायदा आहे, पण मोठ्या भाराला तो मार्ग नाही.

आणि पंख्याचा रेग्युलेटर एलईडीला कधीच लावू नका. आजचे पायऱ्यांचे रेग्युलेटर कपॅसिटरचे असतात, ते पंख्याच्या मोटरसाठी हिशेब करून बनवलेले आहेत. बोर्डात एक रिकामा होता म्हणून वायरमनने जोडून दिला, असं सर्रास दिसतं. सुरुवातीला थोडंफार चालल्यासारखं वाटतं, पण ड्रायव्हर त्यात मरतो.

१-१० व्होल्ट: मोठ्या दिव्यांसाठी माझी पहिली पसंती

यात मुख्य वीज कापलीच जात नाही. ड्रायव्हरला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि त्या दोन बारीक वायरींवर ‘किती उजेड हवा’ एवढाच निरोप जातो. १० व्होल्ट म्हणजे पूर्ण, १ व्होल्ट म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास. डिमरमधून दिव्याचा भार जातच नाही, त्यामुळे १०० वॅट असो की १००० वॅट, नॉबला फरक पडत नाही.

मीन वेल कंपनीची एचएलजी ही ड्रायव्हरची मालिका आपल्याकडे सहज मिळते, तिच्यावरून नीट समजेल. मॉडेलच्या शेवटी ‘बी’ अक्षर असेल तर त्याला डिम वायरी असतात आणि त्यावर १-१० व्होल्ट, १० व्होल्टचा पीडब्ल्यूएम किंवा नुसता रेझिस्टन्स यांपैकी काहीही चालतं. ‘ए’ असेल तर आत स्क्रूने जुळवायची सोय असते. ती एकदा सेट करून ठेवण्यासाठी, रोज कमी-जास्त करण्यासाठी नाही.

नुसत्या रेझिस्टन्सने दिवा मंद कसा होतो? हा ड्रायव्हर स्वतःच डिम वायरीतून सुमारे १०० मायक्रोअँपिअर सोडतो. वायरींच्या टोकाला १०० किलोओहमचा पॉटेन्शिओमीटर (फिरवून रेझिस्टन्स बदलायचा नॉब, थोडक्यात पॉट) लावला की त्यावर १० व्होल्ट तयार होतात, पूर्ण उजेड. पॉट १० किलोओहमवर आणला की १ व्होल्ट.

आता अशा आठ ड्रायव्हरच्या डिम वायरी एकत्र जोडल्या तर ८०० मायक्रोअँपिअर वाहतात. मग १२.५ किलोओहमवरच १० व्होल्ट पूर्ण होतात. म्हणजे तोच १०० किलोओहमचा पॉट ठेवला तर नॉबच्या पहिल्या आठव्या हिश्शातच सगळा खेळ संपतो, पुढे कितीही फिरवा, काही बदलत नाही. ‘डिमर खराब आहे’ म्हणून परत केले जाणारे कित्येक नॉब असेच असतात. सूत्र सोपं आहे: १०० किलोओहम भागिले ड्रायव्हरची संख्या. चारला २५, आठला साडेबारा. मात्र हा आकडा या मालिकेचा. दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर डिम वायरीतून किती करंट सोडतो ते तिच्या डेटाशीटवर बघा. तीन-चारपेक्षा जास्त ड्रायव्हर असतील तर पॉटच्या फंदात न पडता तयार १-१० व्होल्ट डिमर घ्या आणि तो किती मिलिअँपिअर सांभाळतो हे बेरजेशी ताडून बघा.

जोडताना चार गोष्टी सांभाळा. डिम प्लस सगळे एकत्र, डिम मायनस सगळे एकत्र. एखाद्या दिव्याचं उलटं झालं तर सगळेच दिवे खाली बसू शकतात. डिम वायरी मुख्य विजेच्या वायरींबरोबर एकाच पाईपात लांबवर नेऊ नका. करंट नगण्य असतो त्यामुळे बारीक वायर चालते, पण इन्सुलेशन २३० व्होल्टच्या दर्जाचंच हवं, कारण सगळ्याच ड्रायव्हरमध्ये ही बाजू मुख्य विजेपासून पुरती वेगळी असेलच असं नाही. आणि नॉब शेवटपर्यंत फिरवून हा दिवा विझत नाही, विझवायला वेगळा स्विच लागतोच.

ड्रायव्हर शाबूत आहे का हे कळायला छोटी परीक्षा आहे. वीज बंद करून डिम वायरी मोकळ्या सोडा आणि मग चालू करा: पूर्ण उजेड यायला हवा. पुन्हा बंद करून दोन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि चालू करा: उजेड तळाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर ड्रायव्हर ठीक आहे, दोष वायरीत किंवा डिमरमध्ये शोधा.

हॉल मोठा असेल, दिव्यांचे वेगवेगळे गट आणि ठरलेले देखावे (आधी साठवून ठेवलेल्या उजेडाच्या मांडण्या) हवे असतील, तर डाली बघा. यात प्रत्येक ड्रायव्हरला डिजिटल निरोप जातो. एका लाईनवर ६४ ड्रायव्हर, १६ गट, १६ देखावे बसतात आणि १.५ चौरस मिलिमीटर वायरवर ३०० मीटरपर्यंत जाता येतं. मंद होण्याची चढण डोळ्याला सोसेल अशी असते. खर्च जास्त आणि जुळवणी करणारा जाणकार लागतो, त्यामुळे पाच-दहा दिव्यांसाठी मी सुचवणार नाही.

पट्टीची लाईट: इथे करंटचा हिशेब चुकतो

२४ व्होल्टच्या पट्टीला डिमर लागतो तो पॉवर सप्लाय आणि पट्टी यांच्या मध्ये. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतो, यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात.

समजा हॉलभोवती २० मीटर पट्टी आहे, मीटरला १४.४ वॅटची. एकूण २८८ वॅट, २४ व्होल्टला १२ अँपिअर. हीच पट्टी १२ व्होल्टची घेतली असती तर २४ अँपिअर. म्हणून मोठ्या कामाला १२ व्होल्टची पट्टी घेऊच नका. पॉवर सप्लाय वीस-पंचवीस टक्के सैल ठेवायचा, म्हणजे ३६० वॅटचा घ्या. डिमर १५ अँपिअर किंवा त्यावरचा. पाकिटावर ‘१२ अँपिअर’ लिहिलेलं असलं तरी आतला मजकूर वाचा. पुष्कळदा ती तीन चॅनेलची बेरीज असते, प्रत्येकी फक्त ४. एकरंगी पट्टी एका चॅनेलवर लावली की तो चॅनेल जळतो.

आता वायर. पॉवर सप्लायपासून पट्टी १० मीटरवर आहे आणि १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आहे. जाऊन-येऊन २० मीटरचा रेझिस्टन्स साधारण ०.२४ ओहम. १२ अँपिअरला जवळपास ३ व्होल्ट वायरीतच गेले, पट्टीला उरले २१. दूरचं टोक पिवळट आणि मलूल दिसणार. पट्टीचे पाच-पाच मीटरचे चार तुकडे करून प्रत्येकाला डिमरपासून स्वतंत्र वायर दिली, तर प्रत्येक वायरीत ३ अँपिअर वाहतात आणि नुकसान पाऊण व्होल्टच्या आत राहतं. जाड वायरीपेक्षा हाच उपाय बरा.

स्टेज, ऑर्केस्ट्रा आणि गणपतीचा मांडव

जुन्या सभागृहांत हॅलोजनसाठी थायरिस्टरचे डिमर रॅक बसवलेले आहेत. तिथे एलईडी पार किंवा प्रोफाइल (स्टेजच्या दिव्यांचे प्रकार) आणले की सवयीने तेच सॉकेट वापरलं जातं. तसं करू नका. या दिव्यांच्या आत स्वतःचा ड्रायव्हर आणि डीएमएक्सचा (स्टेजच्या दिव्यांना केबलमधून हुकूम द्यायच्या पद्धतीचा) मेंदू असतो. त्यांना सतत पूर्ण २३० व्होल्ट लागतात, मंद करायचं ते डीएमएक्सच्या केबलमधून. डिमरच्या चॅनेलवर लावल्यास आतला सप्लाय जातो, आणि चॅनेल ‘फुल’वर ठेवला तरी ही जोखीम पूर्ण टळत नाही. थेट लाईनचं सॉकेट वेगळं काढून घ्या.

मांडववाल्यांकडे सर्रास दिसणारा १९२ चॅनेलचा कंट्रोलर बारा दिव्यांना प्रत्येकी १६ चॅनेल देतो. लाईनच्या शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर (केबलीच्या टोकाला लावायचा रेझिस्टन्स) लावला नाही की लांब केबलीवर दिवे मनाने नाचायला लागतात.

वॅट, करंट आणि एमसीबी

आता हिशेब. आठ दिवे, प्रत्येकी १०० वॅट. ड्रायव्हरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर प्रत्येकी सुमारे १११ वॅट आत जातात. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खरी कामाला येणारी किती ते) ०.९५ धरून ११७ व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आठांचे ९३६, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ४ अँपिअर.

४ अँपिअर बघून ६ अँपिअरचा एमसीबी लावला की चालू करताक्षणी तो पडण्याची शक्यता असते. कारण चालू होताना कपॅसिटर भरायला ड्रायव्हर क्षणभर प्रचंड करंट ओढतो. १०० वॅटच्या ड्रायव्हरच्या डेटाशीटवर ५०-६० अँपिअरचा इनरश सहज दिसतो, काही शे मायक्रोसेकंदांपुरता. बी वक्राचा एमसीबी ३ ते ५ पट करंटवर लगेच पडतो, सी वक्राचा ५ ते १० पटीवर. त्यामुळे इथे सी वक्र घ्या, १० अँपिअरचा, आणि शक्य असेल तर चार-चार दिव्यांची दोन सर्किटं करा. वायर अर्थातच त्या एमसीबीला झेपणारी हवी. चांगल्या डेटाशीटवर ‘अमुक एमसीबीवर इतके ड्रायव्हर’ असा आकडाच दिलेला असतो. काही १-१० व्होल्ट डिमरमध्येच स्विच असतो. त्यातून सात-आठ ड्रायव्हर थेट चालू-बंद केले तर इनरशने त्याची टोकं चिकटतात. मध्ये काँटॅक्टर (मोठा करंट झेपणारा विजेवर चालणारा स्विच) घाला.

घेण्याआधी एक जोडी लावून बघा

सगळा माल एकदम उचलू नका. एक दिवा, एक डिमर आणा आणि संध्याकाळी शांततेत लावून बघा.

तळाच्या पातळीवर ठेवून बंद करा, पुन्हा चालू करा. तेवढ्याच मंद उजेडात पेटतो, की आधी नॉब वर नेऊन मग खाली आणावा लागतो? हळूहळू खाली आणताना एखाद्या ठिकाणी एकदम विझतो का? कान लावून ऐका. तासभर चालवून डिमरच्या पुढच्या पट्टीला हाताची पाठ लावा. कोमट चालेल, चटका नको. बंद केल्यावर अंधारात चिप मिणमिणत राहिली तर फेज-कट डिमरमधून थोडा करंट झिरपतोय, किमान भार पुरत नाहीये. डिमर बनवणाऱ्याचा बायपास (दिव्याला समांतर जोडायचा छोटा सुटा भाग) त्यासाठी मिळतो.

मग लुकलुक. दिव्याखाली पेन झपकन हलवा. पेनच्या तुटक तुटक सावल्या दिसल्या तर उजेड थरथरतोय. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये तो आणखी स्पष्ट दिसेल. आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या, २०१५ च्या शिफारशींनुसार १०० हर्ट्झच्या लुकलुकीत चढ-उतार ८ टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी मानतात. लग्नाचं शूटिंग होणाऱ्या हॉलमध्ये मी याबाबत तडजोड करत नाही, पीडब्ल्यूएम असेल तर काही हजार हर्ट्झचाच घेतो. नाहीतर व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात आणि तो कार्यक्रम पुन्हा होत नाही.

ही सगळी परीक्षा इन्व्हर्टरवर पुन्हा करा. फेज-कट डिमर लाटेच्या शून्याचा माग काढत चालतो. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर त्याचा गोंधळ उडतो, दिवा फडफडतो आणि डिमर तापतो. साईन वेव्ह इन्व्हर्टर नसेल तर डिमरचे दिवे इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊच नका.

बसवताना

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण उभे राहून बघा. दिव्याच्या धातूच्या बॉडीला अर्थिंग जोडलंच पाहिजे. वायफायवाला डिमर घेणार असाल तर बोर्डात न्यूट्रल आहे का ते आधी तपासा. प्लग असलेल्या बोर्डात बहुधा मिळतो, नुसत्या स्विचच्या बोर्डात मिळेलच असं नाही. ड्रायव्हर पीओपीच्या वर कोंडून ठेवू नका, हात पोचेल आणि हवा खेळेल अशा जागी ठेवा.

शेवटी डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या पेटीच्या) दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: ड्रायव्हरचं पूर्ण मॉडेल शेवटच्या अक्षरासकट, डिमरचं मॉडेल, कोणत्या एमसीबीवर कोणते दिवे आणि सगळ्यात खाली कितपर्यंत डिम होतात ते. आणि त्याच मॉडेलचा एक ड्रायव्हर जास्तीचा घेऊन कपाटात ठेवा. आठांतला एक गेला आणि त्या जागी दुसऱ्या कंपनीचा बसवला, तर तो बाकीच्या सातांबरोबर एकसारखा मंद होत नाही.